समुद्राचा माग

परवा मधल्या सुट्टीत डबा अर्धा खाऊन झाला होता, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून नमस्कार नाही, कशा आहात नाही, एकदम मुद्द्यालाच हात. "बाई, लिवून घ्या. आज रोजी सकाळी सात वाजता, मौजे खोडाळा, घरामागच्या उंबरावर हरियाल पाखरं तीन नग. प्रत्यक्ष, सोताच्या डोळ्यांनी. पंच म्हणून मावशी हाय." मी "बरं बाबा" म्हणेपर्यंत फोन बंद. शेजारच्या बाईंनी विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, आमचे जुने घरमालक. त्या म्हणाल्या, घरमालक असे असतात? मी म्हटलं, नाही, हे एकच आहेत.

नोकरीची पहिली सात वर्षं मी आणि माझ्या नवऱ्याने मोखाडा तालुक्यात काढली. दोघंही जिल्हा परिषदेचे शिक्षक, दोघंही घाटावरचे, जतकडचे. मी खोडाळ्याच्या शाळेत, तो पोशेऱ्याच्या. खोडाळ्यात ज्यांच्या दोन खोल्यांत आम्ही राहिलो, ते गृहस्थ वनखात्यातून निवृत्त झालेले फॉरेस्ट गार्ड. उभी हयात सूर्यमाळच्या जंगलात पायी फिरण्यात गेलेली. सगळा गाव त्यांना गार्डबाबा म्हणायचा. त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणायला लागले, मग माझा नवरा म्हणायला लागला, मग शाळेतली पोरं, आणि शेवटी गार्डबाबासुद्धा तिला मावशीच म्हणू लागले. मावशीची त्यालाही हरकत नव्हती. ती म्हणायची, "आधी 'अगं ए' म्हणायचे. त्यापरीस बरंय."

निवृत्त झाले तरी या माणसाची नोकरी सुटली नव्हती. आम्हाला खोली ताब्यात देताना त्यांनी रीतसर पंचनामा केला. वहीत आधी दिशा, मग चतुःसीमा, मग एकेक बाब. पंखा एक, फिरतो. खिडकी एक, लागत नाही. पाल एक, पश्चिमेकडील भिंतीवर. सदर पाल पूर्वीपासूनची रहिवासी असून तिला उठवू नये. खाली पंच म्हणून आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या. मला पालीची विलक्षण भीती. मी म्हटलं, "बाबा, एवढी हिला बाहेर काढा की." त्यांनी माझ्याकडे शांतपणे तोंड केलं आणि म्हणाले, "बाई, तुमी आज आल्यात." सात वर्षं मी त्या पालीकडे पाठ करून झोपले.

त्यांची दुसरी खोड म्हणजे माणसांचा माग काढायचा. ओट्यावर फाटकाकडे पाठ करून बसलेले असायचे, आणि मी आत पाऊल टाकायच्या आधी म्हणायचे, "बाई, आज हेडमास्तर बोलले वाटतं." कसं कळलं विचारलं तर म्हणायचे, "डावा पाय आपटताय." माझा नवरा बाजारातून एकटा वडापाव खाऊन आला की ती बातमी त्यांना आधी कळायची आणि मला त्यांच्याकडून. नवऱ्याने एकदा बडीशेप खाऊन पाहिली. गार्डबाबा म्हणाले, "गुरुजी, आज दोन खाल्ले काय?"

जनावर दिसलं, असं कुणी सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नसे. "दिसलं म्हणणारा खोटा बोलंल. लेंडी खोटी बोलायची नाय," हे त्यांचं ब्रीद. नोकरीत असताना एक मोठे साहेब बायकोला घेऊन बिबट्या बघायला सूर्यमाळला आले होते. गार्डबाबांनी दोघांना सकाळपासून उन्हात चालवलं, दोन टेकड्या चढवल्या, आणि दुपारी एका खडकापाशी उभं करून मोठ्या अदबीने म्हणाले, "मॅडम, इथं." मॅडम वाकून बघतात तर बिबट्याची विष्ठा. बाबांच्या मते त्यांनी साहेबांना जंगलातला सर्वांत खात्रीचा पुरावा दाखवला होता. साहेबांचं मत वेगळं असावं, कारण त्यानंतर बाबांची पाच वर्षं बढती झाली नाही. हे सांगताना त्यांना वाईट वाटायचं, पण बढतीचं नाही. "ताजी व्हती वो बाई," म्हणायचे, "आन मॅडमनी नाकाला रुमाल लावला."

संध्याकाळी नवरा-बायको ओट्यावर बसत. मावशीच्या पुढ्यात नागली पाखडायचं सूप, बाबांच्या पुढ्यात नुसतं समोरचं रान. मधूनच ते जाहीर करत, "बांधावर ढोकरी. एक." आम्ही बघायचो तर खरंच बांधावर ढोकरी, तो मातकट बगळा. "आमच्या जतकडेसुद्धा एवढी तीक्ष्ण नजर नाही पाहिली," असं माझा नवरा म्हणायचा, आणि मावशी सूप जरा जोरात पाखडायची.

आता भांडणाचं सांगते, कारण त्या भांडणापायीच आम्ही समुद्र बघितला.

मावशीच्या कोंबड्या होत्या. एकेक करून त्या नाहीशा व्हायला लागल्या. माळ्यावर रात्री काहीतरी चालायचं, आणि ते उदमांजर आहे असं गार्डबाबांनी पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं. मावशी म्हणाली, हाकला. बाबा म्हणाले, कायद्याने संरक्षित प्राणी आहे. मावशी म्हणाली, माझ्या कोंबड्या कायद्यात नाहीत काय? बाबा म्हणाले, नाहीत. मग एके दिवशी मावशीची तुरेवाली कोंबडी गेली, जी तिच्या मागे मागे मोरीपर्यंत यायची. मावशीने चुलीवरचं कढत पाणी घेतलं आणि शिडीवर चढून माळ्यावर फेकलं. उदमांजराला थेंब लागला नाही. गार्डबाबांनी मात्र वही काढली आणि बायकोवर पंचनामा केला. "सदर महिला इसमाने वन्यप्राण्याच्या अधिवासात उष्ण द्रव टाकला असून..." मजकूर लिहून घ्यायला आणि पंच म्हणून सही करायला माझ्या नवऱ्याला बोलावलं. आणि त्या शहाण्याने केली! मी त्याला त्या रात्री भाजी वाढली नाही.

मावशीने भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती बाबांशी बोलायचीच बंद झाली. भाकर पुढ्यात ठेवायची, पाणी ठेवायची, पण शब्द नाही. काही सांगायचंच झालं तर मला मध्ये घालायची. "बाई, त्यांना सांग, आंघोळीचं पाणी काढलंय." बाबा तीन हातांवर असायचे. असे आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत ओट्यावरून कुठल्या ढोकरीची घोषणा झाली नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं. शनिवारी मावशी आमच्या दारात आली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाली, "गुरुजी, उद्या तुमची गाडी काढाल का? मी पोरीकडं चालले. पालघरला. आता तितंच राहायची." लेक पालघरला सरकारी कचेरीत लिपिक. त्या वयाची बाई घर सोडून निघाली म्हणजे ती परत येते की नाही कोण जाणे.

रविवारी सकाळी गाडीपाशी बघते तर गार्डबाबा इस्त्रीचा खाकी शर्ट घालून पुढच्या सीटवर आधीच बसलेले. मला म्हणाले, "बाई, तिला सांगा, मी सोडाया येतोय. रस्ता मना ठावा हाय." मावशी मागे माझ्या शेजारी बसली आणि मला म्हणाली, "त्यांना सांग, रस्ता गाडीला बी ठावा हाय." आणि आमची सहल निघाली.

खोडाळ्याहून पालघर म्हणजे मोखाडा, जव्हार, विक्रमगड करत तीन-साडेतीन तास. जव्हारपर्यंत सगळं सरळ झालं. जव्हारला बाबा म्हणाले, "गुरुजी, कासाकडं घ्या." नवऱ्याने मुकाट्याने घेतली. मी म्हटलं, "बाबा, हा तर डहाणूचा रस्ता." बाबा म्हणाले, "तुमी घाटावरची माणसं, समुद्र बगितला नाय. आता निघालोच हाये तं किनाऱ्या-किनाऱ्यानं जाऊ. पाखरं बगू. चार तास इकडं का तिकडं." लग्नानंतर आम्ही चांगले तीन दिवस गणपतीपुळ्याला राहिलो होतो, हे सांगायला मी तोंड उघडलं, तर नवऱ्याने आरशातून डोळे वटारले. मला वाटलं, त्याला म्हाताऱ्याची दया आली असावी. कारण डाव उघड होता. जेवढा रस्ता लांबेल तेवढी मावशी उशिरा पोचणार, आणि मध्ये कुठेतरी तिचं मन फिरलं तर फिरलं. डाव मलाही आवडला. मी गप्प बसले.

चारोटीच्या अलीकडे बाबांनी पहिला हात वर केला. "हळू! मोरघार. डाव्या खांबावर." नवऱ्याने गाडी थांबवली. विजेच्या खांबाला अडकलेली प्लॅस्टिकची काळी पिशवी वाऱ्यावर फडफडत होती. मी नवऱ्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. "तुरा दिसतोय का?" बाबांनी विचारलं. आम्ही दोघं शिक्षक असूनही म्हणालो, "हो, दिसतोय." मावशीने तोंडात पदर कोंबला आणि खिडकीबाहेर बघायला लागली. तिचे खांदे हलत होते.

डहाणूच्या खाडीशी आलो तर बाबा सीटवरून उठायलाच लागले. "रोहित! अख्खा थवा! गुलाबी गुलाबी, रांगेत उभे हायेत!" गाडीच्या काचा बंद होत्या. मला रोहित पक्षी चित्रातच ठाऊक, म्हणून मीही हावरटासारखी वाकले. बांबूच्या मांडवांवर ओळीने बोंबील वाळत घातले होते. नवऱ्याने काच खाली केली, वास आत आला, आणि गार्डबाबा परत सीटवर टेकले. मांडवापाशी बसलेल्या कोळणीने हाक मारली, "काय बगताव एवढं?" मी म्हटलं, "काही नाही हो, पक्षी." ती म्हणाली, "पक्षी खायाला येतात गो, हे बोंबील हायेत!" बाबांनी जराशाने घसा साफ केला आणि म्हणाले, "खाद्य हाय म्हंजे पक्षी येनारच. नोंद करून ठेवा."

घोलवडला चिकूच्या वाड्या लागल्या. रस्ता सावलीचा, दोन्ही बाजूंनी झाडं खाली वाकलेली. बाबांनी गाडी थांबवली, आम्हाला खाली उतरवलं आणि ओठांवर बोट ठेवून कुजबुजले, "वानर. मोठा हुप्प्या. तिसऱ्या झाडाच्या बेचक्यात. हालू नका, नायतर पळंल." आम्ही हललो नाही. तिसऱ्या झाडाच्या बेचक्यात शिडी लावून एक माणूस चिकू काढत होता. त्याने खाली पाहिलं, डोळे बारीक केले आणि त्याच्या हातातली जाळीचा झेला लावलेली काठी सुटून पडली.

"गार्डबाबा?" तो वरून ओरडला. "मना पकडाया इथवर आले का काय?"

"तू सूर्यमाळच्या पाड्यावरला ना रं?" बाबांनी आवाजावरूनच ओळखलं. "सागाचा ओंडका लपवलाव्हता तो?"

"त्याला झाली की वो पंधरा वर्सं! आता मी हितं मजुरीला हाये!"

"उतर खाली. पडशील. पाय थरथरतायत तुजे, शिडी वाजतेय."

तो उतरला, बाबांच्या पाया पडला, आम्हाला टोपलीभर चिकू दिले. आणि मी तिथेच उभी राहून विचार करत होते. ज्या माणसाने पंधरा वर्षांपूर्वीचा चोर एका शब्दावरून ओळखला, शिडीच्या आवाजावरून त्याचे पाय ओळखले, त्याला दहा पावलांवरचा माणूस वानर दिसला. बाबा अजून त्या माणसाशी बोलत होते, तेवढ्यात गाडीपाशी मी मावशीचा दंड धरला. "मावशी, बाबांना दिसत नाही?"

"मोतीबिंदू," मावशी हळूच म्हणाली. "दोन्ही डोळ्यांत. चार वर्सं झाली. नुस्ता उजेड, अंधुक रंग आन हालतं त्ये दिसतं."

"मग ती ढोकरी? ओट्यावरून रोज..."

"मीच सांगायची. हळूच. मंग ते मोठ्यानं सांगायचे." तिने पदर नीट केला. "पोरगी दोन वर्सं बोलावतेय, डाक्टर बगून ठेवलाय. जातात थोडे! फॉरेस्टच्या मान्साचा डोळा सुरीनं कापून घ्याचा काय, म्हणतात."

म्हणजे चार वर्षं सगळ्या गावाने ज्या नजरेचं कौतुक केलं ती मावशीची होती, आणि आठ दिवसांपासून ती संपावर होती. मला पहिल्यांदा हसू आलं आणि लगेच राग आला. खरं सांगते, मावशीचाच राग आला. अशा माणसाला एकटं टाकून ही पालघरला जाऊन राहणार? चुलीपाशी कोण बघणार? शेताच्या वाटेवर विहीर आहे, तिला कठडा नाही. मी हे सगळं तिला फणकाऱ्याने सुनावलं. मावशी एवढंच म्हणाली, "जाव दे." तिचा तो थंडपणा मला अजिबात आवडला नाही.

बोर्डीला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. सुरूच्या बनातून पलीकडे गेलो, आणि समुद्र नव्हता. नजर जाईल तिथपर्यंत ओली, करडी वाळू आणि चिखल. पार लांबवर एक चकाकती रेघ. घोडेवाला घोड्यावर आडवा पडून झोपला होता. मी म्हटलं, "बाबा, ओहोटी आहे."

"त्ये पुस्तकात," गार्डबाबा म्हणाले. "गेला कवा, त्ये सांगा."

ते मला काय सांगता येणार? मग त्यांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि वाळूत उतरले. आधी तळव्याने चाचपलं. मग उकिडवे बसून वाळूच्या वळ्यांवरून बोटं फिरवली, एका ठिकाणी नख खुपसलं, ओल किती खाली आहे ते पाहिलं, बोट जिभेला लावलं. शिंपल्यांच्या एका ओळीपाशी थांबले. मी सात वर्षांत त्यांना जंगलात काम करताना पाहिलं नव्हतं, ते त्या दिवशी पाहिलं. चारोटीच्या खांबाखाली जो म्हातारा मला खुळा वाटला होता, तो हा नव्हेच. उठून म्हणाले, "हितवर आलाव्हता, ह्या शिंपल्यांपाशी. वर सुकलंय, आत ओल हाय. उन्हं कवळी असताना फिरलाय. आता भूक लागली का यील. पाणवठ्याचं जनावर, आल्या वाटंनंच मागारी फिरतं. चला, दबा धरू."

आणि आम्हाला खरोखर दबा धरायला लावला. सुरूच्या बुंध्याआड चौघं ओळीने बसलो. फोन बंद. बोलायचं नाही. वाऱ्याच्या उलट्या अंगाला बसायचं, वास जाता कामा नये. मी विचारलं, समुद्राला वास येईल? बाबा म्हणाले, नियम तो नियम. शेजारी एक सहलीचं टोळकं मोठ्याने गाणी लावून आलं, त्यांना बाबांनी उठून असं काही दटावलं की त्यांनी गाणी बंद केली आणि तेही घाबरून एका झाडाआड जाऊन बसले. कशासाठी बसलोय हे त्यांना विचारायची छाती झाली नाही. माझ्या नवऱ्याने चिकू सोलायला घेतला तर बाबा कुजबुजले, "गुरुजी, साल टाकू नका. माग राहातो."

तास झाला असेल. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि मनातला राग काही जात नव्हता. मी बाबांच्या कानाशी लागले. "बाबा, एका उदमांजरासाठी मावशीवर पंचनामा करायची काय गरज होती? ती चाललीय बघा आता घर सोडून. शोभलं का तुम्हाला?"

त्यांनी मूठभर वाळू उचलली आणि बोटांतून सोडली. मग म्हणाले, "बाई, कुनाला सांगू नका. बाकीची जनावरं आता मना दिसत नाय. ह्या डोळ्यांनी सारं रान पुसलं गेलं. त्ये एकच जनावर हाये, रातचं माळ्यावरून चालतं आन मना पडल्या पडल्या कळतं, आता मधल्या वाशावर हाय, आता कौलाखाली बसलंय, आता पिलाला चाटतंय. त्ये बी हाकललं तं मी कशाचा गार्ड? हिला सांगू नका तेवढं."

ही, म्हणजे मावशी, त्यांच्या डाव्या हाताला हातभर अंतरावर बसली होती. कुजबुज तिला स्पष्ट ऐकू गेली होती. तिने मान खाली घातली आणि वाळूत बोटाने रेघा ओढायला लागली. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी घोड्याकडे बघत राहिले.

"आला," बाबा म्हणाले.

आम्हाला काही दिसेना. रेघ होती तिथेच होती. बाबांनी डोळे मिटले होते आणि मान किंचित तिरकी केली होती. "उजव्या अंगानं शिरतोय. खाडीच्या तोंडाकडनं. दबकत येतोय." पुष्कळ वेळाने, अगदी माझ्या नवऱ्याने जांभई दिल्यावर, उजवीकडच्या चिखलात एक चकाकी हलली, मग दुसरी. मग समोरची सगळी वाळू गुपचूप भरत आली. झाडाआडच्या टोळक्यातल्या एकाने टाळ्या वाजवल्या.

बाबा उघड्या डोळ्यांनी समोर बघत बसले होते. त्यांना आवाज येत होता, दिसत होता तो नुसता उजेड. ते कुणाला काही विचारत नव्हते, कारण ज्याला विचारायचं ते माणूस बोलत नव्हतं.

"डाव्या अंगाला बगा," मावशी म्हणाली. मला नाही, त्यांना. आठ दिवसांनी. "पाण्याच्या कडंला बारकी पाखरं हायेत. पाणी आलं का पळतात, पाणी गेलं का त्याच्या मागं धावतात. तुमच्यासारखी येडी."

बाबांनी मान तिकडे वळवली. "शेपूट हालवतात?"

"हालवतात."

"पोट पांढरं?"

"पांढरं फेक."

"तुतवार," बाबा म्हणाले आणि मग मोठ्याने, आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बाई! गुरुजी! डावीकडं तुतवार बगा! थवा हाय!" मावशीने या वेळी पदर तोंडात कोंबला नाही. ती सांगत राहिली. पाणी आता शिंपल्यांपाशी आलं, म्हणाली. वर पांढरे कुरव फिरतायत. एक होडी उभी राहिली बघा, मघा चिखलात आडवी पडली होती ती. बाबा मान हलवत होते, आणि दर दोन वाक्यांनी मला सांगत होते, जणू त्यांनाच दिसतंय. मी प्रत्येक वेळी "हो का!" म्हटलं.

उन्हं उतरली तसे बाबा उठले, वाळू झटकली आणि खूश होऊन म्हणाले, "चला. आता घरी. चारोटीवरून जव्हार, आठाला खोडाळा." त्यांचा डाव साधला होता. मलाही वाटलं, साधला. पण मावशी म्हणाली, "एवढं आलोय तं पोरीच्या दारावरून जाऊ." बाबांचा चेहरा पडला. म्हणजे बोलली असली तरी जाणार ती जाणारच. डहाणू, चिंचणी, बोईसर, सगळा किनारा गेला, पण गार्डबाबांनी एकदाही हात वर केला नाही. मावशीच अधूनमधून सांगत होती, "मिठागरात बगळं हायेत," आणि ते "हं" म्हणत होते. मी मागे बसून मनातल्या मनात मावशीला नाही नाही ते बोलत होते.

पालघरला लेकीच्या इमारतीपाशी गाडी थांबली तेव्हा दिवे नुकतेच लागले होते. लेक पायऱ्या उतरून धावत आली, आईला सोडून आधी बापाचा हात धरला आणि म्हणाली, "आलात बाबा! बरं झालं. आजपासून डोळ्यांत थेंब घालायचेत, मी आणून ठेवलेत. उद्या दहाला तपासणी, परवा उजवा डोळा. डॉक्टरांनी सगळं ठरवून दिलंय."

गार्डबाबा जागच्या जागी उभे राहिले. मग त्यांनी सावकाश एकेकाकडे तोंड फिरवलं.

"कोन कोन व्हतं ह्याच्यात?"

माझा नवरा गाडीची किल्ली निरखून बघत होता. आत्ता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जव्हारला मुकाट वळलेली गाडी, आरशातून वटारलेले डोळे, एकदाही न कुरकुरता केलेला दिवसभराचा वळसा! एरवी हा माणूस दूध आणायला गल्लीच्या टोकाला जाताना कुरकुरतो. "तुला माहीत होतं?" मी ओरडले. "मावशी, ह्याला सांगितलंत आणि मला नाही?"

"तुला सांगितलं असतं तं त्यांना कळलं असतं," मावशी म्हणाली. "तुजा आवाज खोटं बोलत नाय, पोरी."

बाबांनी पायरीवर हात टेकला. मला वाटलं, चिडतील, पण ते माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "बाई, आता निदान उजेड तरी दिसतोय. हात लावला आन तो बी गेला तं?"

दोन वर्षं हा माणूस कशाला टाळत होता ते त्या एका वाक्यात कळलं. लेक काही बोलायला गेली, मावशीने तिला हाताने थांबवलं आणि आत जाऊन थेंबांची बाटली घेऊन आली. बाबांनी तिचं पाऊल ओळखलं.

"हाका घातला माज्यावर," ते म्हणाले. "आमचं आजोबा सांगायचे. हाकेकरी मागून ढोल बडवतात, डबे वाजवतात. जनावर येडं नसतं बाई, त्ये आवाजाकडं जात नाय. जिकडं गप्प हाय तिकडं सरकतं, आपलं आपन, सुटलो म्हणून. आन बंदूकवाला तितंच बसलेला असतो." त्यांनी मावशीच्या दिशेने मान हलवली. "आठ दिवस ही गप्प व्हती. मना तवाच कळाया पायजे व्हतं."

"आता कळलं ना," मावशी म्हणाली. तिने बाटलीचं झाकण काढलं. "मंग बसा पायरीवर. मान वर करा."

गार्डबाबा पायरीवर बसले आणि त्यांनी मान वर केली.